श्वानांमधील वारंवार उद्भवणारी त्वचेची खाज : कारणशोध आणि उपचारांचा क्रम

प्रस्तावना :

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये श्वानाचे स्थान आद्य मानले जाते. महाराष्ट्रातील शहरी व निमशहरी भागांत दाराशी बांधला जाणारा राखणदार कुत्रा गेल्या काही दशकांत सदनिकेत आला आणि कुटुंबाचा घटक बनला. या बदलाबरोबर त्याच्या आजारांकडे पाहण्याची दृष्टीही बदलणे अपेक्षित होते. त्वचाविकारांच्या बाबतीत मात्र ती फारशी बदललेली दिसत नाही. श्वानाच्या त्वचारोगासाठी मराठीत 'लूत' हा एकच शब्द रूढ आहे. केस झडलेले, सतत अंग खाजविणारे कुत्रे दिसले की 'त्याला लूत भरली' असे म्हटले जाते. वास्तविक या एका शब्दाच्या पोटात किमान सहा-सात भिन्न विकार दडलेले असतात. त्यांची कारणे निराळी, उपचार निराळे आणि बरे होण्याची शक्यताही निराळी असते. परंतु नाव एक असल्यामुळे औषधही एकच असावे, अशी अपेक्षा धरली जाते आणि येथूनच पुनरावृत्तीचे चक्र सुरू होते. खाज सुटते, इंजेक्शन दिले जाते, आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि खाज पुन्हा सुरू होते.

खाज हे लक्षण आहे, तो रोग नव्हे. ती पुन्हा पुन्हा येत असेल, तर औषध कमी शक्तीचे पडले असे मानण्याऐवजी मूळ कारणाचा शोध अपुरा राहिला असे मानणे अधिक युक्त ठरते. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. उपचारांना थकलेला मालक अखेर दुर्गंधी येणाऱ्या, रात्रभर खाजविणाऱ्या कुत्र्याला दूर नेऊन सोडून देतो. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी मूळ कायद्यात दंड अवघा 10 ते 50 रुपयांचा होता, यावरून त्याचा धाक किती असेल याची कल्पना येते.

श्वानाच्या त्वचेचे वेगळेपण :

श्वानाची त्वचा केसांनी झाकलेली असल्यामुळे ती जाड व राकट असावी, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तिचा बाह्यस्तर मानवी त्वचेच्या तुलनेत पातळ, पेशींच्या मोजक्या थरांचा असतो. मानवी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर श्वानाची त्वचा उदासीन ते किंचित अल्कधर्मी असते. त्यामुळे माणसासाठी बनविलेले साबण, शाम्पू किंवा जंतुनाशक द्रव श्वानाला मानवत नाहीत. त्वचेवरील स्निग्ध आवरण धुऊन जाते, ती कोरडी पडते आणि खाज वाढते. खाज वाढली म्हणून अंघोळींची संख्या वाढविली जाते, हा प्रकार घरोघरी आढळतो.

हवामानाचाही यात मोठा वाटा आहे. कोकण व मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता सतत अधिक असते. दाट केसांच्या जातींचे अंग दिवसचे दिवस ओलसर राहते आणि पंजांच्या बेचक्या, कानांच्या पाळ्यांखालील भाग व मानेच्या घड्या यांत जंतू व बुरशी फोफावतात. पिसवांच्या अळ्यांनाही जगण्यासाठी ओलावा लागतो. पावसाळ्यात खाज वाढण्यामागे अशी एकाहून अधिक कारणे एकाच वेळी काम करीत असतात.

पहिली पायरी : परोपजीवींचा शोध :

खाजणाऱ्या श्वानाच्या तपासणीत सर्वप्रथम परोपजीवी कीटक व माइट यांचा विचार करावा, हे पशुवैद्यकीय त्वचाशास्त्रातील सर्वमान्य तत्त्व आहे. याचे कारण व्यावहारिक आहे. हे विकार सर्वांत अधिक आढळतात, त्यांचे उपचार सर्वांत खात्रीचे आहेत आणि ते वगळल्याशिवाय पुढील कोणतेही निदान विश्वासार्ह ठरत नाही.

पिसवांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. श्वानाच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा या एकूण पिसवांच्या साधारणतः 5 टक्केच असतात. उर्वरित अंडी, अळ्या व कोश यांच्या स्वरूपात सतरंजीत, फरशीच्या फटींत, सोफ्याच्या कोपऱ्यांत पडून असतात. कोशातील पिसू अनुकूल परिस्थितीची वाट पाहत काही महिने टिकू शकते. म्हणजे केवळ कुत्र्याला औषध लावणारा मालक समस्येच्या विसाव्या भागावरच उपचार करीत असतो. शिवाय काही श्वानांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. अशा श्वानाला मोजके चावेही पुरेसे होतात. शेपटीचे मूळ, कंबर व मांड्यांची मागील बाजू येथे केस झडून त्वचा लाल होते. मालकाला एकही पिसू दिसलेली नसते, कारण खाजरे कुत्रे दातांनी स्वतःला कुरतडून पिसवा गिळून टाकते. 'आमच्या कुत्र्याला पिसवा नाहीत' हे विधान म्हणूनच फारसे प्रमाण मानता येत नाही. पांढऱ्या ओल्या कागदावर केस विंचरून पडणारी काळी कणी लालसर विरघळली, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. ही चाचणी घरीही करता येते.

गोचीड हा प्रकार वेगळा आहे. महाराष्ट्रात सर्रास आढळणारा तपकिरी श्वान-गोचीड आपले संपूर्ण जीवनचक्र घरातच पूर्ण करू शकतो आणि भिंतींच्या भेगांत अंडी घालतो. त्यापासून होणारा त्वचेचा त्रास तुलनेने किरकोळ असतो. एहर्लिकिया व बॅबेसिया या रक्तातील जंतूंचा तो वाहक आहे आणि ते आजार जिवावर बेतू शकतात, म्हणून त्याचे नियंत्रण अत्यावश्यक ठरते.

खऱ्या अर्थाने 'लूत' म्हणता येतील असे विकार दोन आहेत आणि त्यांची गल्लत सर्वाधिक होते. सार्कोप्टिस या माइटमुळे होणारी खरूज अतिशय खाजरी व अतिशय संसर्गजन्य असते. ती कानांच्या कडा, कोपरे व मागील पायांचे घोटे येथे सुरू होते. कानाची कड बोटांत धरून चोळली असता श्वानाचा मागील पाय आपोआप खाजविण्याची हालचाल करू लागतो, ही या रोगाची परिचित खूण आहे. हा माइट माणसालाही चावतो आणि घरातील व्यक्तींच्या हातांवर व पोटावर पुरळ उठते. परंतु माणसाच्या त्वचेत त्याची वाढ पूर्ण होत नसल्याने श्वान बरा झाला की हे पुरळ ओसरते. त्वचा खरवडून केलेल्या सूक्ष्मदर्शक तपासणीत हा माइट अनेकदा सापडतच नाही. त्यामुळे तपासणी नकारात्मक आली तरी लक्षणे जुळत असल्यास उपचार करून पाहणे योग्य समजले जाते. त्या वेळी घरातील सर्व श्वानांवर एकदम उपचार करावे लागतात.

डेमोडेक्स हा माइट याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. विडीसारख्या लांबट आकाराचा हा जीव केसांच्या मुळांत राहतो आणि निरोगी श्वानांच्या त्वचेतही अल्प प्रमाणात असतोच. पिल्लाला तो जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना आईकडून मिळतो. शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली तरच त्याची संख्या वाढते. तो एकापासून दुसऱ्याला लागण होणारा रोग नव्हे. केस झडतात, त्वचा जाड व काळपट होते, मात्र सुरुवातीला खाज अल्पच असते. प्रौढ वयात प्रथमच हा विकार दिसल्यास शरीरात अन्य आजार आहे काय किंवा प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले गेले आहे काय, हे तपासावे लागते. डेमोडेक्सच्या रुग्णाला खाज थांबविण्यासाठी स्टिरॉइड देणे म्हणजे त्या माइटला मोकळे रान देणे होय.

या दोन्ही विकारांच्या उपचारांत 2013 नंतर मूलगामी बदल झाला. त्यापूर्वी ॲमिट्राझच्या द्रावणाने अंग भिजविणे किंवा आयव्हरमेक्टिन महिनोन्‌महिने देणे, हे प्रमुख मार्ग होते. गुराढोरांसाठी बनविलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने श्वानाला टोचण्याची प्रथा अद्यापही पूर्णतः गेलेली नाही. कोली व तत्सम मेंढपाळ जातींमधील अनेक श्वानांत एक जनुकीय दोष आढळतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरते आणि एरवी सुरक्षित असणारी उपचाराची मात्राही प्राणघातक ठरू शकते. आयसॉक्झॅझोलीन गटातील फ्लुरॅलेनर, ॲफॉक्सोलेनर, सॅरोलेनर ही तोंडावाटे द्यावयाची औषधे आल्यापासून पिसवा, गोचीड व दोन्ही प्रकारची लूत यांवर एकाच गोळीने नियंत्रण मिळविणे शक्य झाले आहे. ही औषधे निर्धोक आहेत असे मात्र नाही. काही श्वानांत झटके व तोल जाणे यांसारखे चेतासंस्थेचे दुष्परिणाम आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सावधगिरीची सूचना दिली. फेफऱ्याचा पूर्वेतिहास असल्यास तो पशुवैद्यकास आधीच सांगणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी : जंतू व बुरशी :

परोपजीवी वगळल्यानंतरही खाज उरत असेल, तर त्वचेवर दुय्यम संसर्ग आहे काय, हे पाहिले जाते. येथे 'दुय्यम' या शब्दाला विशेष महत्त्व आहे. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमेडियस हा जंतू आणि मॅलॅसेझिया ही यीस्ट प्रकारची बुरशी निरोगी श्वानाच्या अंगावर वास्तव्यास असतातच. त्वचेचे संरक्षण कमकुवत झाले की ती संधी साधतात. पहिल्यामुळे पुळ्या, खपल्या व गोलाकार केसगळती दिसते, तर दुसरीमुळे तेलकटपणा, काळवंडलेली जाड त्वचा आणि आंबूस दुर्गंधी येते. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की काही मिनिटांत दोन्हींचे निदान होते. इतकी स्वल्पखर्चाची तपासणी असूनही ती वगळून थेट प्रतिजैविकाची चिठ्ठी लिहिली जाते, ही बाब खेदजनक आहे.

या घाईची किंमत मोठी आहे. मेथिसिलिन व अन्य अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे स्यूडइंटरमेडियसचे प्रकार जगभर पसरले आहेत आणि माणसांतही त्यांचा संसर्ग क्वचित आढळला आहे. वरवरच्या संसर्गासाठी 2 ते 4 टक्के क्लोरहेक्झिडिनयुक्त शाम्पूचे औषधी स्नान प्रथम द्यावे आणि पोटातील प्रतिजैविके राखून ठेवावीत, असा आजचा प्रवाह आहे. हा शाम्पू अंगावर सुमारे 10 मिनिटे राहिला तरच त्याचा उपयोग होतो. बादलीभर पाणी ओतून दोन मिनिटांत आटोपलेले स्नान निरर्थक ठरते. संसर्ग बरा झाल्यावर खाजही गेली, तर प्रश्न सुटला. संसर्ग गेला आणि खाज उरली, अथवा संसर्ग दोन महिन्यांनी परतला, तर त्यामागे ॲलर्जी किंवा थायरॉइडसारख्या अंतःस्रावी ग्रंथीचा विकार शोधावा लागतो.

स्टिरॉइडचा प्रश्न :

खाजणाऱ्या श्वानाला दिले जाणारे दुधाळ रंगाचे इंजेक्शन बहुतांश मालकांना परिचित असते, त्याचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. ते बहुधा दीर्घकाळ परिणाम करणारे स्टिरॉइड असते. स्टिरॉइडला खलनायक ठरविणे अनुचित होय. तीव्र दाहात अल्पकाळ दिलेले तोंडावाटेचे प्रेडनिसोलोन हा मान्यताप्राप्त उपचार आहे आणि त्याची मात्रा रोज कमी-अधिक करता येते. टोचलेले दीर्घप्रभावी औषध मात्र परत काढून घेता येत नाही. दर महिन्या-दीड महिन्याने ते टोचले गेल्यास तहान, लघवी व भूक वाढणे, पोट सुटणे, त्वचा कागदासारखी पातळ होणे, स्नायू झिजणे ही कुशिंगच्या विकाराची लक्षणे औषधामुळेच निर्माण होतात. प्रतिकारशक्ती खालावल्याने जंतुसंसर्ग व डेमोडेक्स डोके वर काढतात आणि त्यांची खाज पुन्हा 'जुनीच खाज' समजून तेच इंजेक्शन दिले जाते. मालक एकामागून एक दवाखाने बदलत असेल, तर आधी काय टोचले हे नव्या चिकित्सकास कळण्याचा मार्ग उरत नाही. लसीकरणाच्या पुस्तिकेतच प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व दिनांक लिहून घेण्याची सवय लावली, तरी यातील बराच अनर्थ टळू शकेल.

तिसरी पायरी : आहाराची परीक्षा :

अन्नाच्या ॲलर्जीचे निदान रक्त, लाळ अथवा केस यांच्या तपासणीतून विश्वासार्ह रीतीने होत नाही. अशा तपासण्यांची जाहिरात होत असली तरी त्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही. एकमेव खात्रीची पद्धत म्हणजे श्वानाने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार किमान 8 आठवडे देणे आणि नंतर जुना आहार सुरू करून खाज परतते काय ते पाहणे. प्रकाशित अभ्यासांच्या 2015 मधील आढाव्यानुसार अन्न-ॲलर्जी असलेल्या 90 टक्क्यांहून अधिक श्वानांत 8 आठवड्यांत सुधारणा दिसून आली होती. खाज आणणाऱ्या अन्नघटकांत 2016 च्या अशाच आढाव्यात गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी व गहू हे अनुक्रमे अग्रस्थानी आढळले.

ही यादी पाश्चात्त्य श्वानांच्या आहारावरून आलेली आहे, तरीही महाराष्ट्रीय घरातील कुत्र्याच्या ताटाशी तिचे साम्य लक्षणीय आहे. दूध-पोळी, दही-भात, कोंबडीचे पाय आणि चहाबरोबरचे बिस्कीट हा येथील श्वानाचा नित्याचा आहार. यातून 'न खाल्लेले' प्रथिन शोधणे प्रदेशानुसार बदलते. नागपूरच्या सदनिकेतील श्वानासाठी समुद्री मासळी नवी असू शकेल, मालवणच्या किनाऱ्यावरील श्वानासाठी ती मुळीच नवी नाही. शाकाहारी कुटुंबांत, जेथे पनीर व दूध हेच प्रथिनांचे मुख्य साधन असते, तेथे प्रथिनांचे सूक्ष्म विघटन केलेला तयार आहार हा पर्याय उरतो, अर्थात तो महाग पडतो. परीक्षा फसते ती बहुधा कुटुंबातील प्रेमामुळे. आजोबांनी टेबलाखालून दिलेला बिस्किटाचा तुकडा किंवा मांसाची चव लावलेली जंतांची गोळी सहा आठवड्यांची शिस्त वाया घालविण्यास पुरेशी असते.

ॲटोपी : शेवटी उरणारे निदान :

परोपजीवी, संसर्ग व आहार ही तिन्ही कारणे दूर सारल्यावरही जी खाज उरते, ती बहुधा ॲटोपिक त्वचादाहाची असते. हा आनुवंशिक प्रवृत्ती असलेला विकार असून त्यात त्वचेचा अडसर दुबळा असतो आणि घरातील धुळीतले माइट, परागकण, बुरशीचे कण यांविरुद्ध शरीर अवाजवी प्रतिक्रिया देते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रिव्हर, पग, जर्मन शेफर्ड या आपल्याकडील लोकप्रिय जातींत तो विशेष आढळतो. सुरुवात बहुधा वयाच्या तिसऱ्या वर्षापूर्वी होते. पुढील पंजे सतत चाटणे व कानांच्या आतील भागाचा दाह ही ठळक लक्षणे असून कानांच्या कडा व कंबर मात्र सुटलेली असतात. फाव्रो यांनी 2010 मध्ये मांडलेल्या निकषांत हाच तपशील आहे. कानाची कड खरुजेकडे बोट दाखविते आणि कंबर पिसवांकडे, म्हणून त्या सुटलेल्या असणे निदानास पूरक ठरते.

ॲटोपी पूर्ण बरी होण्याची शक्यता अत्यल्प असते, ती आटोक्यात ठेवता येते. हे मालकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे चिकित्सकाचे कर्तव्य आहे, कारण 'कायमचा इलाज' शोधत फिरण्यातच अनेक श्वानांची वर्षे जातात. औषधांच्या बाबतीत येथेही मोठी प्रगती झाली आहे. इंटरल्युकिन-31 हे प्रथिन श्वानांतील खाजेचा एक महत्त्वाचा संदेशवाहक असल्याचे 2013 मध्ये दाखविले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले ओक्लासिटिनिब हे औषध या संदेशाचा मार्ग अडविते, तर लोकिव्हेटमॅब हे प्रतिपिंड त्या प्रथिनालाच निष्प्रभ करते. ओक्लासिटिनिब एक वर्षाखालील श्वानांना देऊ नये, असा निर्बंध आहे. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. ॲलर्जीकारक घटकांचीच अल्प मात्रा वाढवीत नेण्याच्या उपचाराचे यश-अपयश तर वर्षभरानंतरच ठरविता येते. नव्या औषधांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला दरमहा जाणवणारा असतो. म्हणून पिसवा-गोचिडांचे वर्षभर नियंत्रण, नियमित औषधी स्नान आणि फिरून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करणे यांवर जेवढा भर द्यावा तेवढी गोळ्यांची गरज कमी होते.

घरगुती उपाय आणि परिसरातील श्वान :

वाहनाचे जळके तेल, रॉकेल अथवा शेतीची कीटकनाशके लुतीवर लावण्याची प्रथा ग्रामीण व शहरी दोन्ही भागांत आहे. श्वान आपले अंग चाटतो, हे यात विसरले जाते. ही द्रव्ये त्वचा भाजतात आणि पोटात जाऊन विषबाधा करतात. करंज व कडुलिंबाच्या तेलांचे कीटकरोधक गुण नाकारता येत नाहीत, तथापि दाट तेल लावलेल्या ओल्या त्वचेखाली मॅलॅसेझियाची बुरशी अधिकच वाढते. काही श्वानांसाठीच्या औषधांतील परमेथ्रिन मांजरांना विषारी असते, हे दोन्ही प्राणी पाळणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

पाळीव श्वानाची खरूज बरी होऊन पुन्हा उलटते, तेव्हा तिचा उगम पुष्कळदा गल्लीतील श्वानांत असतो. पूर्वी अशा श्वानांवर उपचार करावयाचे म्हणजे त्यांना पकडून, तोंड बांधून, द्रावणात भिजवावे लागे. चाव्याचा व त्यायोगे रेबीजचा धोका असल्यामुळे ते काम प्रशिक्षित हातांखेरीज शक्य नव्हते. आता वजनाच्या अंदाजानुसार पशुवैद्यकाने ठरवून दिलेली गोळी अन्नात घालून, अंगाला हातही न लावता देता येते. गाभण माद्या व लहान पिल्ले यांच्याबाबत मात्र पशुवैद्यकाला वेगळे विचारावे लागते. फ्लुरॅलेनरच्या एका गोळीचा पिसवांवरील परिणाम सुमारे 12 आठवडे टिकतो. एखाद्या गल्लीतील पाच-सहा श्वानांना ती एकाच दिवशी दिल्यास सार्कोप्टिसची साखळी तुटते आणि दीड-दोन महिन्यांत उघड्या पडलेल्या त्वचेवर पुन्हा केस दिसू लागतात.